सहाचे बारा दिवस : सेंटिनेल-१बी उपग्रहाच्या बिघाडाचे प्रकरण

२३ डिसेंबर २०२१ रोजी युरोपच्या सेंटिनेल-१बी या रडार उपग्रहाकडून येणारी चित्रे थांबली. उपग्रह आपल्या कक्षेत होता, जमिनीवरच्या केंद्राशी त्याचा संपर्क होता, त्याचे तापमान नियंत्रणात होते आणि दिलेल्या आज्ञेप्रमाणे तो आपली कक्षा वेळोवेळी दुरुस्तही करत होता. बंद पडला होता तो रडारच्या अँटेनाला २८ व्होल्टचा स्थिर विद्युतदाब पुरवणारा संच. त्याला पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न पुढील कित्येक महिने चालले. अखेर ३ ऑगस्ट २०२२ रोजी युरोपीय अवकाश संस्था, म्हणजे ईसा, आणि युरोपीय आयोग यांनी ही मोहीम संपल्याचे जाहीर केले. त्याची जागा घेणारा सेंटिनेल-१सी हा उपग्रह ५ डिसेंबर २०२४ रोजी कक्षेत गेला. मधली जवळजवळ तीन वर्षे हा सारा कार्यक्रम सेंटिनेल-१ए या एकट्या उपग्रहावर चालला, आणि त्या उपग्रहाचे ठरवलेले सात वर्षांचे आयुष्य एप्रिल २०२१ मध्येच पूर्ण झाले होते.

रडार उपग्रहांविषयी लिहिताना बहुतेक वेळा त्यांच्या नजरेचे वर्णन केले जाते : ढगांतून आणि रात्रीच्या अंधारातही जमीन दिसते, इतक्या मीटरचा तपशील टिपला जातो, वगैरे. ते सर्व खरे आहे. परंतु या प्रकरणात उरलेल्या उपग्रहाची नजर तसूभरही अधू झालेली नव्हती. त्याचे प्रत्येक चित्र आधीइतकेच स्पष्ट होते. फक्त एकाच मार्गावरून जाण्यातले अंतर सहा दिवसांवरून बारा दिवसांवर गेले. तेवढ्याने किती गोष्टी ढासळल्या हे पाहिले, की पृथ्वीवर सतत लक्ष ठेवण्याच्या कामात वेळापत्रक हेच खरे उपकरण असते हे माझे मत मांडायला दुसऱ्या उदाहरणाची गरज उरत नाही.

जोडीची रचना

सेंटिनेल-१ए ३ एप्रिल २०१४ रोजी आणि सेंटिनेल-१बी २५ एप्रिल २०१६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधल्या कुरू येथून सोयुझ रॉकेटने सोडण्यात आले. सुमारे २३०० किलोग्रॅम वजनाचे हे दोन्ही उपग्रह सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरच्या एकाच सूर्यसमकालिक कक्षेत (म्हणजे एखाद्या जागेवरून नेहमी साधारण त्याच स्थानिक वेळी नेणाऱ्या कक्षेत), परंतु एकमेकांच्या बरोबर समोरासमोर, म्हणजे १८० अंशांच्या अंतराने ठेवण्यात आले होते. प्रत्येक उपग्रह १२ दिवसांत पृथ्वीभोवती १७५ फेऱ्या घालतो आणि मग पुन्हा पहिल्याच मार्गावर येतो. जोडी असल्यामुळे एक उपग्रह ज्या मार्गावरून गेला त्याच मार्गावरून सहा दिवसांनी दुसरा जात असे.

त्यांवरील रडार सी पट्ट्यात, सुमारे ५.५ सेंटिमीटर तरंगलांबीवर काम करते. अँटेना १२.३ मीटर लांब आहे. ती लहरी सोडते, जमिनीवरून परतलेला प्रतिसाद ऐकते आणि उपग्रह पुढे सरकत असताना घेतलेले असे असंख्य प्रतिसाद गणिताने एकत्र केले, की प्रत्यक्षातील अँटेनापेक्षा कितीतरी पट लांब अँटेनाने पाहिल्यासारखे चित्र मिळते. सिंथेटिक ॲपर्चर रडार म्हणतात ते हेच. जमिनीसाठीच्या नेहमीच्या पद्धतीत एका वेळी २५० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपला जातो आणि समुद्रावरील बर्फासाठीच्या पद्धतीत ४०० किलोमीटरचा. हे सर्व चित्रण कोणालाही विनामूल्य मिळते. अशा धोरणामुळे शेतीपासून धरणांपर्यंत अनेक क्षेत्रांतील लोकांनी आपली कामे या चित्रांवर उभारली, आणि म्हणूनच बिघाडाचा परिणामही तितकाच दूरवर पसरला.

आणखी एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. हे रडार सतत चालू ठेवता येत नाही. सुमारे ९९ मिनिटांच्या एका फेरीत त्याच्या सर्वाधिक माहिती गोळा करणाऱ्या पद्धती साधारण २५ मिनिटेच वापरता येतात, कारण वीज, उष्णता आणि जमिनीवर माहिती उतरवण्याची क्षमता या तिन्हींना सीमा असते. दुसरा उपग्रह गेला तेव्हा परतीचे अंतर दुप्पट झालेच, शिवाय दिवसाला उपलब्ध असणारी रडारची मिनिटेही निम्मी झाली.

बिघाड

उपग्रहावर महत्त्वाच्या प्रत्येक संचाला एक राखीव संच असतो, तसा तो येथेही होता. मुख्य संच चालेना म्हणून राखीव संच चालू करण्याचा प्रयत्न झाला, तोही चालला नाही. सर्व प्रयत्नांनंतर अँटेनाला लागणारा तो २८ व्होल्टचा पुरवठा परत आणणे अशक्य आहे, या निष्कर्षावर तपास मंडळ आले. बाकी सर्व यंत्रणा धडधाकट असलेला उपग्रह केवळ एका विद्युतदाबाअभावी निरुपयोगी ठरला, हे वाचताना आजही वाईट वाटते.

वीजपुरवठा हा रडार उपग्रहांचा जुना दुखरा भाग आहे. पृथ्वीकडे, खरे तर समुद्राकडे, पाहण्यासाठी सोडलेला पहिला नागरी सिंथेटिक ॲपर्चर रडार उपग्रह म्हणजे अमेरिकेचा सीसॅट. जून १९७८ मध्ये तो कक्षेत गेला आणि १० ऑक्टोबर १९७८ रोजी विद्युतयंत्रणेत शॉर्टसर्किट होऊन बंद पडला. सुमारे १०५ दिवसांत त्याने इतके दाखवून दिले, की पुढील दशकांतील सर्व रडार मोहिमा त्याच्या अनुभवावर उभ्या राहिल्या. प्रकाशात पाहणारा कॅमेरा सूर्याने उजळलेली जमीन टिपतो, तर रडारला स्वतःच जमीन उजळावी लागते. त्यासाठी मोठी शक्ती अगदी स्थिर दाबाने शेकडो लहान प्रक्षेपक-ग्राहक घटकांपर्यंत पोहोचवावी लागते. सेंटिनेल-१च्या अँटेनामध्ये असे २८० घटक आहेत. त्यांपैकी काही निकामी झाले तरी चित्र थोडेसेच बिघडते, कारण काम सगळ्यांत वाटलेले असते. मात्र त्या सर्वांकडे जाणारी वीज ज्या एका ठिकाणाहून येते ते ठिकाण बंद पडले तर वाटून घेण्यासारखे काही उरत नाही. राखीव संच मुख्य संचाजवळच, तितकीच वर्षे, तोच ताप आणि तेच प्रारण सोसत असतो. म्हणून या दोन संचांना मी एकमेकांपासून स्वतंत्र मानत नाही. खरा स्वतंत्र राखीव संच म्हणजे दुसरा उपग्रह, आणि येथे तो सेंटिनेल-१ए होता.

पण सेंटिनेल-१ए हाही घाव सोसलेला होता. २३ ऑगस्ट २०१६ रोजी त्याची वीज अचानक किंचित घटली आणि कक्षेतही अगदी लहानसा बदल दिसला. उपग्रहावरील छोट्या कॅमेऱ्यांनी पाहिल्यावर सौरपंखावर सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाचा भाग खराब झालेला आढळला. काही मिलिमीटरचा एक कण त्यावर आदळला होता. काम त्यामुळे थांबले नाही. तरीही जगभराच्या निरीक्षणाचा भार ज्याच्यावर येऊन पडला त्या उपग्रहाची ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

बारा दिवसांत काय निसटते

या प्रकरणाचा गाभा येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

रडारकडे परतणाऱ्या प्रत्येक लहरीचे दोन गुण नोंदवले जातात : ती किती जोरदार आहे, आणि आपल्या चक्रातील कोणत्या टप्प्यावर आहे. या टप्प्याला भौतिकशास्त्रात कला म्हणतात. एकाच जागेवरून, जवळजवळ एकाच कक्षेतून घेतलेल्या दोन चित्रांतील कला एकमेकींतून वजा केली, तर मधल्या काळात जमीन उपग्रहाच्या दिशेने किती सरकली हे मिलिमीटरच्या पातळीवर कळू शकते. हीच रडार व्यतिकरणाची पद्धत. लहर जाऊन परत येते, त्यामुळे तरंगलांबीच्या निम्मे, म्हणजे सुमारे २.८ सेंटिमीटर अंतर जमीन सरकली की कलेचे एक पूर्ण चक्र होते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

अडचण इथेच येते. चक्र पूर्ण होऊन गेले की नाही हे कला स्वतः सांगत नाही. शेजारच्या बिंदूच्या तुलनेत एखादा बिंदू दोन चित्रांच्या मधल्या काळात अर्ध्या चक्रापेक्षा, म्हणजे सुमारे १.४ सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकला, तर तो पुढे गेला की मागे, एकदा की दोनदा, याविषयी गोंधळ होऊ शकतो. सहा दिवसांत १.४ सेंटिमीटर म्हणजे वर्षाला साधारण ८४ सेंटिमीटर. बारा दिवसांत तेवढेच अंतर म्हणजे वर्षाला साधारण ४२ सेंटिमीटर. संथपणे खचणाऱ्या शहरासाठी, जिथे वर्षाला काही सेंटिमीटरचाच प्रश्न असतो, दोन्ही मर्यादा पुरेशा आहेत. वेग घेऊ लागलेला डोंगरउतार, खाणीच्या कचऱ्याचा बांध, किंवा ज्वालामुखीखाली शिलारस शिरत असताना फुगणारी जमीन यांच्यासाठी मात्र या दोन आकड्यांतले अंतर निर्णायक ठरते. कोसळण्यापूर्वी उताराची हालचाल वाढत जाते, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर बारा दिवसांची मोजणी हातची जाते. जिथे सर्वाधिक गरज, तिथेच पद्धत आंधळी होते.

दुसरी हानी सुसंगतीची. व्यतिकरणासाठी दोन्ही वेळी जमिनीवरचे परावर्तक जवळजवळ तसेच असावे लागतात. ५.५ सेंटिमीटरची लहर पाने आणि बारीक फांद्यांवरूनच परतते. वारा, पाऊस, पिकाची वाढ, नांगरणी यांनी ही रचना दिवसागणिक बदलते. सहा दिवसांच्या जोडीत शेतजमिनीवर जी थोडीफार सुसंगती टिकते ती बारा दिवसांच्या जोडीत बऱ्याचदा पार विरून जाते. इमारती, खडक आणि पूल यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. परिणामी शहरांचे आकडे साधारण पूर्वीसारखे राहिले, तर गावे, शेते आणि झाडीचे उतार यांच्या नकाशांत मोजण्याजोगे बिंदू मिळणेच कठीण झाले. सरासरीच्या आकड्यांत हा भेद दिसत नाही आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. हिमनद्यांचेही तसेच : ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांच्या कडांवरून वेगाने समुद्राकडे जाणाऱ्या बर्फावर ताजा हिम पडतो, पृष्ठभाग वितळतो, तडे रुंदावतात, आणि बारा दिवसांपूर्वीच्या चित्रातील खुणा नव्या चित्रात ओळखू येईनाशा होतात.

युरोपीय भूचलन सेवेने सेंटिनेल-१च्या चित्रांवरून जवळजवळ सगळ्या युरोपातील जमिनीच्या हालचालींचे नकाशे २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले केले. अशा सेवा चित्रांच्या लांब मालिकेवर उभ्या असतात. वातावरणातील बाष्पामुळे प्रत्येक चित्रात जी चूक शिरते ती मालिकेत पुष्कळ चित्रे असली तरच सरासरीने धुऊन निघते. चित्रे निम्मी झाली, की तेवढाच भरवसा मिळवण्यासाठी अधिक काळ वाट पाहावी लागते. ज्या वर्षी ही सेवा लोकांपर्यंत पोहोचली, त्याच वर्षापासून तिला मिळणारी नवी चित्रे निम्म्यावर आली होती.

पुराच्या चित्रणात कलेऐवजी परत आलेल्या लहरीचा जोर पाहतात. शांत पाणी लहरीला आरशासारखे पलीकडे परतवते, म्हणून ते चित्रात काळे दिसते. झाडांच्या वा इमारतींच्या तळाशी पाणी असेल तर लहर दोनदा आदळून उलट अधिक जोराने परत येते. आणि वाऱ्याने पाणी खडबडीत झाले तर ते कोरड्या जमिनीसारखे भासते. या तिन्ही शक्यतांतून योग्य निष्कर्ष काढण्यासाठी पुरापूर्वीची शक्य तितकी अलीकडची तुलना हाताशी असावी लागते. भाताच्या खाचरांत पाणी भरलेले असते तेव्हा ते पुरासारखेच दिसते. पंधरवड्यापूर्वीचे खाचर आणि आजचा पूर यांत फरक करणे, आठवड्यापूर्वीच्या खाचराशी तुलना करण्यापेक्षा कठीण असते.

आधी कोणाकडे पाहायचे

मिनिटे निम्मी झाल्यावर ईसाला चित्रणाचा कार्यक्रम नव्याने आखावा लागला. जगातील काही भाग सेंटिनेल-१बीच टिपत असे आणि सेंटिनेल-१ए तिथे रडार चालूच करत नसे. तिथली मालिका एका दिवसात तुटली. जे भाग दोघे मिळून टिपत, तिथे मालिका विरळ झाली. उपग्रह ध्रुवाकडे चढत असताना आणि ध्रुवाकडून उतरत असताना, अशा दोन दिशांनी एकच जागा पाहिली, तर जमिनीचे उभे चलन आणि पूर्व-पश्चिम चलन वेगळे करता येते. एकाच दिशेने पाहिले तर दोन्ही मिसळून येतात. मिनिटे वाचवायची म्हणून एक दिशा सोडली, तर मालिका चालू राहिल्यासारखी दिसते, पण जमीन खचते आहे की बाजूला सरकते आहे हे तिला सांगता येत नाही.

उत्तरेकडील समुद्रांतील बर्फाचे नकाशे आणि सागरी तेलगळतीवरील देखरेख यांसारख्या कामांत एक दिवसाचा खंडही जहाजांना महागात पडू शकतो. तिथे कोपर्निकस या युरोपच्या पृथ्वीनिरीक्षण कार्यक्रमाने, ज्याचा सेंटिनेल-१ हा एक भाग आहे, इतर मोहिमांकडून चित्रे मिळवून उणीव भरून काढण्याचा मार्ग घेतला. कॅनडाचा रडारसॅट-२, जर्मनीचा टेराएसएआर-एक्स, स्पेनचा पाझ असे उपग्रह त्या काळात कार्यरत होतेच. पण ही भर सर्वांसाठी नव्हती. एक्स पट्ट्यातील, सुमारे ३ सेंटिमीटरच्या लहरींनी काढलेले चित्र सी पट्ट्यातील जुन्या चित्रातून वजा करता येत नाही, आणि सी पट्ट्यातील वेगळ्या कक्षेच्या उपग्रहाचेही चित्र व्यतिकरणासाठी जुन्या मालिकेत बसत नाही. व्यावसायिक छोट्या उपग्रहांचे ताफे दिवसाला अनेकदा पाहू शकतात. परंतु त्यांचा पट्टा अरुंद असतो, ते मागणी असेल तिथेच पाहतात आणि पैसे देणाऱ्यालाच चित्र देतात. ज्या उताराकडे कोणी मागणी करून पाहात नाही, त्याचीही नोंद आपसूक होत राहणे हे सेंटिनेल-१चे मोठेपण होते, आणि बाजारातून ते विकत घेता येत नाही.

दोन प्रसंग

३० ऑगस्ट २०२२ रोजी, मोहीम संपल्याच्या घोषणेनंतर महिन्याभरात, सेंटिनेल-१एने पाकिस्तानातील सिंधू नदीच्या खोऱ्याचे चित्र घेतले. नदीचे पाणी पसरून दहा-दहा किलोमीटरांत मोजावा इतका रुंद, लांबलचक तलाव तयार झाल्याचे त्यात स्पष्ट दिसत होते. मदतकार्यासाठी त्या चित्राचे मोल मोठे होते. तथापि इतक्या सपाट प्रदेशात पाणी आठवड्याभरात सरकते, बंधारे फोडले जातात, नवे भाग बुडतात. पुढचे पाऊल कुठे टाकायचे यासाठी पाणी कोणत्या दिशेने चालले आहे हे कळावे लागते, आणि दिशा कळण्यासाठी लागोपाठची चित्रे लागतात. शेजारच्या मार्गांची टोके एकमेकांवर येतात आणि दोन दिशांची चित्रे असतात, त्यामुळे प्रत्यक्षातील वाट बारा दिवसांपेक्षा काहीशी कमी असू शकते. पण उपग्रह एकच असल्यावर ती किती कमी होणार यालाही मर्यादा आहे.

दुसरा प्रसंग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमाभागात ७.८ आणि काही तासांनी ७.५ तीव्रतेचे भूकंप झाले. त्या परिसरावरून चढत्या मार्गाने सेंटिनेल-१ए २८ जानेवारी रोजी गेला होता आणि नंतर ९ फेब्रुवारी रोजी गेला. उतरत्या मार्गाने २९ जानेवारी आणि १० फेब्रुवारी. भूकंपानंतर तीन-चार दिवसांत चित्रे मिळाली आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या भ्रंशावर जमीन कुठे किती सरकली याचे नकाशे शास्त्रज्ञांनी लगेच तयार केले. यावरून एकच उपग्रह पुरेसा होता असे कोणी म्हणेल. तारखा मांडून पाहू. सेंटिनेल-१बी असता तर चढत्या मार्गावर ३ फेब्रुवारीचे चित्र असते. म्हणजे भूकंपानंतरचे पहिले चित्र ९ फेब्रुवारीलाच मिळाले असते, त्यात फायदा नाही. पण तुलनेचे आधीचे चित्र सहा दिवस अलीकडचे असते. खरा तोटा पुढे झाला. भूकंपानंतर भ्रंशावर संथ सरकणे चालूच राहते आणि पहिल्या दिवसांत ते सर्वात जलद असते. १५ फेब्रुवारीचे चित्र असते तर ते वेगळे मोजता आले असते. त्यानंतर २० फेब्रुवारी रोजी हाताय प्रांतात ६.३ तीव्रतेचा आणखी एक भूकंप झाला. सेंटिनेल-१एचे त्या चढत्या मार्गावरील पुढचे चित्र २१ फेब्रुवारीचे. म्हणून ९ ते २१ फेब्रुवारीच्या एकाच जोडीत बारा दिवसांचे संथ सरकणे आणि नवा भूकंप या दोन्ही गोष्टी मिसळल्या. १५ ते २१ फेब्रुवारीची जोडी असती तर ही सरमिसळ निम्म्याहून कमी झाली असती.

तीन दिवसांत चित्र मिळाले हाही मार्गाच्या तारखांचा योग होता. भूकंप १० फेब्रुवारीच्या रात्री झाला असता तर त्याच मार्गावरील पुढच्या चित्रासाठी २१ फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागले असते.

राखीव उपग्रह होता, रॉकेट नव्हते

सेंटिनेल-१ मालिकेत पहिल्यापासून चार उपग्रह योजलेले होते आणि बिघाडाच्या वेळी सेंटिनेल-१सीचे काम बरेच पुढे गेलेले होते. नियोजन चांगलेच होते. २०२२ च्या वसंतात ईसाने हा उपग्रह वेगा-सी रॉकेटने २०२३ च्या पहिल्या सहामाहीत सोडण्याचे ठरवले.

त्याआधीच, फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर कुरू येथून होणारी सोयुझची उड्डाणे थांबली होती; पहिले दोन्ही उपग्रह नेणारे रॉकेट त्यामुळे उपलब्धच राहिले नाही. जुने वेगा रॉकेट २३०० किलोग्रॅमचा उपग्रह त्या कक्षेत नेऊ शकत नव्हते. एरियान-५ची उरलेली मोजकी उड्डाणे आधीच ठरलेली होती आणि जुलै २०२३ मध्ये ते निवृत्त झाले. एरियान-६चे पहिले उड्डाण ९ जुलै २०२४ पर्यंत लांबले. राहता राहिले वेगा-सी. २० डिसेंबर २०२२ रोजी त्याचे दुसरे उड्डाण दुसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे अयशस्वी झाले. त्या टप्प्याच्या नोझलच्या गळ्याशी बसवलेला कार्बन-कार्बनचा भाग अपेक्षेपेक्षा जास्त झिजला होता. बदललेल्या नोझलची जमिनीवरील चाचणी जून २०२३ मध्ये पुन्हा फसली, म्हणून नोझलची रचनाच बदलावी लागली, आणि यशस्वी चाचण्या २०२४ उजाडल्यावर झाल्या.

या काळात युरोपने काही उपग्रह अमेरिकेच्या फाल्कन-९ने सोडले : जुलै २०२३ मध्ये युक्लिड दुर्बीण, एप्रिल २०२४ मध्ये गॅलिलिओचे दोन दिशादर्शक उपग्रह, मे २०२४ मध्ये ढगांचा अभ्यास करणारा अर्थकेअर. सेंटिनेल-१सी मात्र वेगा-सीची वाट पाहात राहिला. स्वतःचे रॉकेट जिवंत ठेवायचे तर त्याला काम द्यावे लागते, हा विचार मला समजतो. तरीही ज्या मोहिमेची जोडी तुटलेली आहे आणि उरलेला उपग्रह आपली मुदत ओलांडून चालतो आहे, तिला रांगेत सर्वात पुढे ठेवायला हवे होते असे माझे ठाम मत आहे. दुर्बीण एक वर्ष उशिरा गेली तर आकाश तिथेच असते. भूचलनाच्या मालिकेत जो आठवडा नोंदला गेला नाही तो नंतर कितीही उपग्रह सोडले तरी नोंदता येत नाही.

हा अनुभव नवा नव्हता, हे अधिक खटकणारे आहे. ८ एप्रिल २०१२ रोजी ईसाच्या एन्व्हिसॅट या आधीच्या रडारवाहक उपग्रहाशी अचानक संपर्क तुटला, तेव्हा सेंटिनेल-१ए कक्षेत जायला आणखी दोन वर्षे होती आणि ईसाची स्वतःची सी पट्ट्यातील मालिका त्या काळात पूर्ण खंडित झाली होती. त्यातून शिकून जोडीची रचना केली गेली, आणि ती उपयोगी पडली : २०२१ मध्ये मालिका विरळ झाली, पण संपली नाही. जो धडा घेतला गेला नाही तो उपग्रहांच्या संख्येपलीकडचा होता. उपग्रह, त्याला नेणारे रॉकेट आणि कक्षेत गेल्यावर मापे जुळवून घेण्याचे महिने, या तिन्हींचा मिळून जो काळ होतो तोच राखीव व्यवस्थेचा खरा वेळ. गोदामात तयार उभा असलेला उपग्रह हिशेबात धरताना हा काळ शून्य मानला गेला होता.

आजची स्थिती

५ डिसेंबर २०२४ रोजी वेगा-सीचे पुनरागमनाचे उड्डाण सेंटिनेल-१सीला घेऊन यशस्वी झाले. या उपग्रहावर जहाजांचे स्वयंचलित ओळखसंदेश ऐकणारी नवी अँटेनाही आहे, त्यामुळे रडारला दिसलेले जहाज आणि त्याने स्वतःची दिलेली ओळख एकाच वेळी ताडून पाहता येते. आयुष्याच्या शेवटी वातावरणात जळताना रडार अँटेना वेगळी व्हावी अशी योजनाही त्यात केली आहे. मापे जुळल्यावर २०२५ मध्ये सहा दिवसांचे वेळापत्रक पुन्हा सुरू झाले, आणि ४ नोव्हेंबर २०२५ रोजी सेंटिनेल-१डी एरियान-६ने कक्षेत गेला.

दरम्यान ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही रॉकेटने इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह सोडण्यात आला. त्याची एल पट्ट्यातील सुमारे २४ सेंटिमीटरची लहर पानांतून खाली उतरून खोड आणि जमिनीपर्यंत पोहोचते, त्यामुळे झाडीच्या प्रदेशात बारा दिवसांतही सुसंगती बरीच टिकते, आणि अर्ध्या चक्राची मर्यादा १.४ ऐवजी सुमारे ६ सेंटिमीटर होते. वर ज्या उतारांचा उल्लेख केला त्यांच्यासाठी हे फार मोलाचे आहे. पण निसार एकटा आहे. त्याचा जोडीदार कक्षेतही नाही आणि जमिनीवरही नाही. त्याच्याही वेळापत्रकावर आता लोक आपली कामे उभारतील, आणि सेंटिनेल-१बीने जो प्रश्न उभा केला तो निसारबाबत आधीच विचारायला हवा.

युरोपच्या बाजूला, सेंटिनेल-१ए बारा वर्षे पुरेल इतक्या इंधनासह २०१४ मध्ये निघाला होता. सेंटिनेल-१डी वर गेल्यावर या पिढीचा एकही उपग्रह जमिनीवर राखीव उरलेला नाही. एल पट्ट्यातील रोझ-एल मोहीम या दशकाच्या अखेरीस अपेक्षित आहे, पण तिची चित्रे सी पट्ट्याच्या मालिकेत बसणार नाहीत, आणि सेंटिनेल-१च्या पुढच्या पिढीची तयारी चालू असली तरी ती पुढच्या दशकातील गोष्ट आहे. तोवर सहा दिवसांचे वेळापत्रक सी आणि डी या दोघांनाच पाळायचे आहे.